ट्रॉलीला सावली बांधताना

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लिंबागणेश लागते. भालचंद्र गणपतीचे हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले आहे. जमीन हलकी, मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की या रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर जाऊ लागतात. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत बाजरीची पोती, भांड्यांची बोचकी, बाज, कोंबड्यांचे खुराडे, एखादी शेळी, लेकरे आणि सगळ्यांच्या वर बांबू, कामट्या व घडी घातलेली ताडपत्री. पुढचे पाच-सहा महिने सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, नाहीतर थेट कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या अड्ड्यावर काढायचे असतात.

मालाच्या गाडीचे घर करणे हा अमेरिकेत अलीकडे हौसेचा विषय झाला आहे. बंद मालवाहू ट्रेलर घ्यायचा, आत पलंग आणि ओटा बसवायचा, आणि दाराच्या बाजूला गुंडाळून ठेवता येणारी कापडी सावली लावायची. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि काही हौशी मंडळी आता पिकअपच्या हौद्यावर खोली चढवू लागली आहेत. परंतु मालाच्या गाडीवर संसार चढवण्याचा खरा, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव बीड जिल्ह्यातल्या या कुटुंबांकडे आहे. ताडपत्री कशी घ्यावी, कशी ताणावी आणि कधी उतरवावी, हे प्रश्न त्यांच्यासाठी हौसेचे नाहीत. म्हणून या विषयावर लिहायचे तर त्यांच्या ट्रॉलीपासूनच सुरुवात केली पाहिजे.

या ट्रॉलीची एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. प्रवासाच्या दिवसांत ती घर असते. रस्त्याकडेला थांबून तिच्याच आडोशाला चूल पेटते आणि तिच्याच बाजूला अंथरुणे पडतात. अड्ड्यावर पोचल्यावर मात्र संसार खाली उतरतो, कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि ट्रॉली उसाला लागते. त्यानंतर ती फडातून कारखान्यावर आणि कारखान्यावरून फडात फिरत राहते. वजनकाट्याच्या रांगेत रात्र रात्र उभी असते. तीच ताडपत्री मग कोपीवर किंवा कोपीच्या तोंडाशी जाते. तेव्हा सावलीचा सांगाडा ट्रॉलीला वेल्डिंगने कायमचा जोडणे हा पैशाचा नाश आहे. ट्रॉलीवर फक्त कड्या वेल्ड करून घ्याव्यात, आणि बांबू, दोर, ताडपत्री असे बाकी सगळे एका गाठोड्यात सुटे राहावे. त्यात सरकारी नियमाचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. थांबल्यावर बांधलेली आणि निघताना सोडलेली सावली त्या अडचणीत येत नाही.

सावली उतरवणार कोण, हा प्रश्न निवडीच्या वेळीच विचारायला हवा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून दुपारनंतर वावटळी उठतात, पुढे वळवाचे पाऊस सुरू होतात. त्या वेळी कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, फडात असते. अड्ड्यावर एखादी म्हातारी, एखादी बाळंतीण किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी उरते. वारा सुटला तर ताडपत्रीशी झुंजायचे तिने. तेव्हा माझ्या मते चांगल्या सावलीची पहिली कसोटी एवढीच आहे, की ती एकट्या बाईला खाली उभे राहून, कुठे चढावे न लागता, हाताने सोडता आली पाहिजे. कापडाचा रंग, जाडी, किंमत यांचा विचार त्यानंतर.

ही कसोटी पहिली का, ते वाऱ्याच्या हिशेबात दिसते. इमारतींसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा दाब काढायचे सूत्र सोपे आहे. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला ०.६ ने गुणायचे. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळते. ट्रॉलीच्या बाजूला १२ बाय ८ फुटांची सावली केली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस मीटर भरते. ताशी ४० किलोमीटरचा वारा या कापडाखाली शिरला तर त्याला साधारण ६८ किलोंच्या जोराने उचलतो. वारा ६० चा झाला की जोर १५० किलोंच्या वर जातो. ८० ला तो २७० किलोंच्या घरात पोचतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. सगळी मेख या वर्गात आहे. प्रत्यक्षात कापडाचा उतार, उघडी बाजू, शेजारचा आडोसा यांनी आकडे कमीजास्त होतील, पण अंदाज याच पातळीचा राहतो.

आता हा जोर कुठे जातो ते पाहू. निम्मा ट्रॉलीच्या कड्यांवर येतो. ट्रॉली टनांनी जड, तिला त्याचे काही नाही. उरलेला निम्मा बाहेरच्या कडेला, म्हणजे खांबांना दिलेल्या ताणांवर येतो. ६० च्या वाऱ्यात तो ७५ किलो झाला आणि ताण तीन असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ किलो. मातीने भरलेली पन्नास किलोंची गोणी एवढे पेलते, पण फार शिल्लक ठेवून नाही, कारण दोर तिरपा असतो आणि गोणीला उचलण्याबरोबर ओढतही असतो. ८० च्या वाऱ्यात प्रत्येक ताणावर ४५ किलो येतात आणि गोणी घसरू लागते. दगड वाढवून, दोर वाढवून हा सामना जिंकता येत नाही. आभाळ पूर्वेला किंवा दक्षिणेला काळवंडले, धुळीची रेघ दिसली, की कापड उतरवणे हाच उपाय. सगळी बांधणी या क्षणासाठी करायची असते.

म्हणून गाठीचा विचार. ट्रॉलीच्या बाजूच्या गाठी निरगाठी चालतील. बाहेरच्या कडेच्या, ताणाच्या गाठी मात्र सुरगाठी हव्यात: मोकळे टोक ओढले की एका हिसक्यात सुटणाऱ्या. ते टोक वीतभर लांब ठेवावे आणि छातीच्या उंचीवर आणावे, म्हणजे लहान हातालाही सापडेल. सोडण्याचा क्रमही ठरलेला असावा. क्रम चुकला तर सुटलेले कापड वाऱ्याने भरते आणि सोडणाऱ्याच्या अंगावर बांबूसकट येते. अड्ड्यावर पोचल्यानंतरच्या पहिल्या निवांत संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने एकदा हे करून पाहिलेले असावे, मुलांनीसुद्धा.

कापडाकडे येऊ. बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. सगळ्यात जास्त खपते ती विणलेल्या प्लास्टिक पट्ट्यांची, दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेली एचडीपीई ताडपत्री. तिच्यासाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. मालाच्या ट्रकवर दिसते ती पीव्हीसीचा लेप दिलेली, चौरस मीटरला अर्धा किलो किंवा त्याहून जड. पाण्याला पक्की, पण एकट्याने उचलायला अवघड. तिसरी जुनी सुती कॅनव्हासची, जिच्यातून वारा थोडा खेळतो, जी ऊन छान अडवते आणि भिजली की धागे फुगून पाणी थोपवते. पण ती ओली घडी करून ठेवली तर बुरशी धरते. चौथी म्हणजे शेडनेटची हिरवी जाळी. जाळी पाऊस अडवत नाही, म्हणून तिला कोणी सावलीच्या कामाची समजत नाही. माझे मत उलटे आहे. कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मार्चपर्यंत, ७५ टक्क्यांची जाळी ताडपत्रीपेक्षा बरी. वारा तिच्यातून आरपार जातो, त्यामुळे ओढ पुष्कळच कमी होते. खाली गरम हवा साचत नाही. आणि वजन नगण्य असते. एक ताडपत्री पावसाची, एक जाळी उन्हाची, अशी जोडी परवडत असेल तर तीच घ्यावी.

ताडपत्रीची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, अशी सांगतात. शंभरच्या आसपासची हलकी ताडपत्री एक हंगामही नीट जात नाही. पाच-सहा महिने बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची असेल तर २०० ते २५० ची घ्यावी. दुकानदाराने सांगितलेला आकडा खरा आहे का, हे जागेवर पाहता येते. १२ बाय १० फुटांची ताडपत्री सुमारे ११ चौरस मीटर असते. ती २०० जीएसएमची असेल तर काट्यावर सव्वादोन किलोंच्या आसपास भरली पाहिजे. दीड किलो भरली तर आकडा खोटा आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर मिनिटाचे काम आहे. ते न लाजता करावे. दुसरा प्रश्न यूव्ही स्थिरीकरणाचा. प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतात. त्याला रोखणारे द्रव्य मिसळलेले नसेल तर जाड ताडपत्रीही उन्हाळ्याअखेरीस हातात चुरडते. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून निदान मानकचिन्ह आणि छापील जीएसएम असलेला माल घ्यावा.

रंगाबद्दल बऱ्याच समजुती आहेत. काळी किंवा गडद निळी ताडपत्री प्रकाश पूर्ण अडवते, पण स्वतः तापते आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उष्णता सोडत राहते. पांढरी किंवा चंदेरी वरची बाजू ऊन परतवते. वरून चंदेरी, खालून गडद अशी दुरंगी ताडपत्री मिळते, ती उत्तम. त्याहून मोठा फरक मात्र दुसऱ्या थराने पडतो. वरच्या कापडाखाली वीतभर अंतर सोडून एखादी जुनी साडी किंवा जाळी ताणली तर मधली हवा वाहत राहते आणि वरच्या थराची धग खाली पोचत नाही. उसाचे वाढे वर टाकून कोपी गार करण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते.

सावली कोणत्या बाजूला बांधावी, हे ऋतूवर अवलंबून आहे. लिंबागणेश १९ उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली येते. कारखान्यांचे बहुतेक पट्टे त्याच्या एक-दोन अंश दक्षिणेला. डिसेंबरच्या मध्यान्ही इथे सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर, दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्या दिवसांत ट्रॉली पूर्व-पश्चिम लांब उभी केली तर तिचीच सावली उत्तरेला सहा-सात फूट पडते, आणि बसण्या-झोपण्याची जागा तिथेच धरावी. दुपारी चारला सूर्य नैर्ऋत्येला २३ अंशांपर्यंत खाली येतो. सहा फूट उंचीच्या कडेची सावली तेव्हा चौदा फूट लांब जाऊन पडते. म्हणजे दक्षिणेला किंवा पश्चिमेला उघडी असलेली सावली त्या वेळी असून नसल्यासारखी, कारण ऊन तिच्याखालून आत शिरते. तिथे वरचे कापड वाढवून उपयोग नाही; पश्चिमेला उभा पडदा सोडला पाहिजे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य ७१ अंशांवर येतो, एप्रिलच्या मध्यात ८० च्या वर जातो, आणि मेच्या मध्याला बीडमध्ये तो थेट डोक्यावरून जातो. तेव्हा ट्रॉलीची स्वतःची सावली संपते आणि वरचे कापड खऱ्या अर्थाने कामाला येते. शेवटचे दोन महिने सगळ्यात जास्त उन्हाचे, सगळ्यात जास्त वावटळींचे आणि अंगातले बळ सरत आलेले, हे लक्षात घेऊन चांगली ताडपत्री हंगामाच्या सुरुवातीला न झिजवता तेव्हासाठी राखून ठेवणारी माणसे शहाणी.

बांधणीत उताराला तडजोड नाही. कापडी सावलीला चार फुटांमागे एक फूट उतार, असा जगभरचा ठोकताळा आहे. ट्रॉलीच्या फाळक्याला उभा बांबू बांधून वरची कड आठ फुटांवर न्यावी आणि बाहेरची कड सहा फुटांवर ठेवावी. आठ फूट रुंदीला दोन फूट उतार मिळतो. ताडपत्री दहा फुटांची असेल तर पुढे फूट-दीड फूट झालर उरते आणि तिरपा पाऊस अडतो. उतार कमी पडला तर पाणी साचते. एक चौरस मीटर जागेत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो. कापड थोडे झोळले की त्या झोळात आणखी पाणी येते, वजनाने झोळ वाढतो, आणि बघता बघता शंभर किलोंचा भार दोन बांबूंवर येऊन बसतो. हे टाळायला कापडाखालून, ट्रॉलीपासून बाहेरच्या खांबापर्यंत, तीन-चार दोर ताणून घ्यावेत आणि कापड त्यांच्यावर टेकवावे. एक कोपरा इतरांपेक्षा अर्धा फूट खाली ओढला की सगळे पाणी तिथून पडते. तिथे बादली ठेवावी.

ताडपत्री फाटते ती बहुधा मधून नाही, डोळ्यापाशी. धातूची गोल कडी कापडातून उपटून निघते. तशी निघाली किंवा हव्या त्या जागी डोळाच नसला तर जुनी युक्ती आहे: कापडाच्या खालून लिंबाएवढा गुळगुळीत खडा लावायचा, वरून कापडासकट त्याची मान दोरीने आवळायची. ही पकड डोळ्यापेक्षा मजबूत असते, कारण ओढ कापडाच्या एका भोकावर न येता खड्याच्या सगळ्या घेराभोवती वाटली जाते. दोर आणि डोळा यांच्यामध्ये जुन्या सायकल ट्यूबची हातभर पट्टी घातली तर वाऱ्याचा हिसका ती ताणून पचवते. दोराची जातही पाहावी. सुती आणि तागाचा दोर भिजला की आखडतो आणि डोळे उपटतो. नायलॉनचा भिजला की सैल पडतो. पावसाच्या रात्री पहिला थोडा ढिला करावा लागतो, दुसरा पुन्हा ताणावा लागतो.

जमिनीचा फरक इथल्या माणसाला सांगायला नको, पण अड्ड्यावर त्याचाच फटका बसतो. बालाघाटाच्या मुरमात पहारीने भोक पाडून ठोकलेली मेख हलत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात तीच मेख कोरड्या दिवसांत पक्की वाटते आणि एका अवकाळी पावसानंतर लोण्यातून निघावी तशी वर येते. तिथे दोन-अडीच फुटांची मेख, वरचे टोक गाडीपासून बाहेर झुकलेले, अशी ठोकावी. शंका असेल तर गोणी आडवी पुरून तिला दोर बांधावा. पुरलेल्या गोणीवर वरच्या मातीचेही वजन येते. बांबूचे बूड जमिनीत गाडू नये, ते कुजते आणि वाळवी लागते. विटेवर किंवा दगडावर टेकवावे आणि ताणांनी उभे धरावे.

चूल सावलीखाली नको. ताडपत्रीचे प्लास्टिक सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते, आणि वितळते तेव्हा पेटते थेंब खाली गळतात. आजूबाजूला पाचट, वाढे आणि कोप्यांच्या चटया. एका ठिणगीने अख्खा अड्डा जाऊ शकतो. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दहा-बारा पावले दूर, तिच्याभोवती पाचट खरवडून मोकळी केलेली जमीन, आणि पाण्याची घागर हाताशी. पाऊस असतानाच आत चूल आणायचा मोह होतो. तेव्हासाठी दोन पत्रे उभे करून केलेला आडोसा वेगळा ठेवावा. लोखंडी पाइपचे खांब करणाऱ्यांनी वर पाहून जागा निवडावी. अड्डे अनेकदा विजेच्या तारांखाली पडतात.

रस्त्यावरची गोष्ट याहून गंभीर. निघताना ताडपत्री मालावर आवळली जाते आणि तिची मोकळी कड ट्रॉलीच्या मागच्या अंगावर लोंबते. मागचे दिवे आणि लाल परावर्तक पट्टी त्याखाली झाकले जातात. रात्रीच्या अंधारात उभी असलेली किंवा संथ चाललेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही, आणि त्या ट्रॉलीत माणसे झोपलेली असतात. मागची कड आत दुमडून, आडव्या दोराखाली पक्की खोचावी आणि निघण्यापूर्वी चालकाने वीस पावले मागे जाऊन पट्टी दिसते का ते पाहावे. ताडपत्रीवरच लाल परावर्तक पट्टी शिवून घेतली तर आणखी बरे.

ज्यांना पिकअपवर बंदिस्त खोली करायची आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे. कायम बसवायची गुंडाळीची सावली वीस-पंचवीस किलोंच्या पुढे वजनाची असते, आणि वाऱ्यात तिचा हिसका त्या वजनाच्या कितीतरी पट. बाजूच्या पातळ पत्र्यात स्क्रू मारले तर ते काही महिन्यांत भोके मोठी करून सैल होतात. आतल्या उभ्या चौकटीचे पाइप कुठे आहेत ते आधी शोधावे, बोल्ट त्यांतूनच आरपार न्यावेत, आत रुंद पट्टी द्यावी, आणि प्रत्येक भोकाला बाहेरून सीलंट भरावे. पाणी शिरायला तीच वाट असते. बाकी सगळे, म्हणजे उतार, ताण, वाऱ्याचा हिशेब आणि उतरवण्याची घाई, ट्रॉलीसारखेच.

ऊसतोड कामगारांसाठी आता राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. कारखान्यांनी किंवा महामंडळाने ताडपत्र्या वाटायच्या ठरवल्या तर केवळ नगांची संख्या मोजू नये. प्रत्येक कोयत्याला २०० जीएसएमच्या वरची, यूव्ही स्थिर, मानकचिन्हाची, १२ बाय १५ ची एक ताडपत्री. त्याबरोबर एक जाळी, चार लांब मेखा, तीस मीटर दोर, आणि मागच्या अंगाला परावर्तक पट्टी. खरेदीच्या वेळी दहा नग उचलून काट्यावर ठेवावेत. १२ बाय १५ ची २०० जीएसएमची ताडपत्री साडेतीन किलोंच्या जरा खाली भरते. ती तीन किलोंच्या खाली भरली तर गाडी परत पाठवावी.

एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचे गाळप संपते, आणि ट्रॉल्या परत निघतात. ताडपत्री त्या दिवशी सकाळी झटकून, दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवून मगच घडी करावी, आणि घडी दरवर्षी वेगळ्या रेषेवर मोडावी, नाहीतर थर त्याच ठिकाणी तडकतो. घरी आल्यावर ती उंदरांपासून दूर, आढ्याला टांगून ठेवावी. धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवू नये.